पडला म्हणून गर्विष्ठ

'गर्विष्ठ कौरव, चार अक्षरे.' मराठी शब्दकोडे सोडवणारा माणूस या सूचनेपाशी अडत नाही. कौरव शंभर होते, तरी पेन्सिल सरळ दुर्योधनाकडे जाते. 'उन्मत्त लंकापती, तीन अक्षरे' याला तर विचारही करावा लागत नाही. कंस, नहुष, शिशुपाल, जरासंध, हिरण्यकशिपू ही मंडळी कोडे रचणाऱ्याच्या नेहमीच्या उपयोगाची. त्यांच्यासाठी विशेषणेही ठरलेली: गर्विष्ठ, उन्मत्त, उद्दाम, अहंकारी. पुराणातून इतिहासात उतरले की तुघलक, औरंगजेब, कर्झन यांची पाळी येते. आणि याच माळेत कधीकधी सदाशिवरावभाऊंनाही ओवले जाते, हे मला फार लागते.

शब्दकोडे मला मनापासून आवडते, म्हणूनच त्याच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे. 'गर्विष्ठ' म्हणताना आपण माणूस ओळखण्यावर थांबत नाही, त्याचा निकाल लावून मोकळे होतो. आणि हा निकाल बहुतेक वेळा एकाच पुराव्यावर लागलेला असतो: तो माणूस शेवटी हरला. 'गर्वाचे घर खाली' ही म्हण आपण नकळत उलटी वापरतो. घर खाली आलेले दिसले की तिथे गर्व नांदत असलाच पाहिजे, असे धरून चालतो. मग त्या घरात काय चालले होते, ते कुणी पाडले, पाया आधीच खचला होता का, हे प्रश्न कुणी विचारत नाही.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला या विषयाला बगल देता येत नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा नकाशा समोर पसरला तर गर्विष्ठ म्हणून गाजलेल्यांची निम्मी यादी त्यावरच सापडते. हस्तिनापूर आज मेरठ जिल्ह्यात आहे, बी. बी. लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात तिथे उत्खनन केले. लाक्षागृहाचे वारणावत म्हणून बागपत जिल्ह्यातले बरनावा दाखवतात. इंद्रप्रस्थाची जागा म्हणून पुराना किल्ल्याकडे बोट केले जाते आणि नवी दिल्ली वसेपर्यंत त्या तटाच्या आत इंदरपत नावाचे गाव नांदत होते. परंपरेप्रमाणे युधिष्ठिराच्या राजसूयात शिशुपालाचे मस्तक उडाले ते इथेच आणि मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तोही इथेच. दक्षिणेला तुघलकाबादचे अजस्र बुरूज. उत्तरेला बुराडीचा घाट आणि त्याच बाजूला इंग्रजांच्या तिन्ही दरबारांचे मैदान. आणखी उत्तरेला पानिपत, तेही आता याच क्षेत्राचा जिल्हा. ग्रेटर नोएडाला लागून बिसरख आहे, तिथे तर रावणाचा जन्म झाला असे गावकरी मानतात. कुणी कोडेकाराने ठरवले तर एका रविवारचे अख्खे कोडे या टापूतल्या पडलेल्या माणसांवर रचता येईल.

कोडे रचणाऱ्याला ही नावे इतकी हवीशी का वाटतात, हे नीट पाहण्यासारखे आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. आर्थर विन यांचे पहिले कोडे १९१३ च्या २१ डिसेंबरला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आले, तेव्हापासून त्या भाषेला ही सोय आहे. आपल्याकडे एका घरात पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. 'दुर्योधन' लिहिला की दुसऱ्या घरात 'र्यो' येतो. आता याच घरातून उभा शब्द काढायचा तर 'र्यो' असलेले शब्द मराठीत किती? 'सूर्योदय' सुचतो. चार घरे, दुसरे 'र्यो', अगदी चपखल. 'सूर्योपासना' सहजी जमत नाही, जागा जास्त खाते. म्हणजे दुर्योधन आला की त्याला छेदून सूर्योदय आणावा लागतो, आणि मग त्या सूर्योदयाच्या 'द'ला आणि 'य'ला धरून पुढची जुळवाजुळव करावी लागते. काही जण ऱ्हस्वदीर्घाची सूट घेतात, काही घेत नाहीत. ही कसरत ज्याने एकदा केली आहे त्याला कळते की चौकट भरता भरताच रचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. सूचना लिहायची वेळ येते तेव्हा तो थकलेला असतो. मग हाताशी असलेले विशेषण पुढे येते. सगळ्यांच्या ओळखीचे नाव, सगळ्यांच्या ओळखीचा दोष, काम झाले.

या घाईत काय काय निसटते याचे मयसभेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. 'मयसभेत दुर्योधनाला हसली, तीन अक्षरे' या सूचनेचे उत्तर 'द्रौपदी' लिहायला कुणालाही क्षण पुरे. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडा. त्यातले सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादले. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा निवेदक हसणाऱ्यांमध्ये भीमाचे, अर्जुनाचे आणि जुळ्या भावांचे नाव घेतो. द्रौपदी तिथे नाही. ती येते नंतर, हस्तिनापुरात, दुर्योधन धृतराष्ट्राजवळ गाऱ्हाणे मांडतो तेव्हा. तो सांगतो की कृष्ण हसला, पार्थ हसला, द्रौपदी आपल्या स्त्रियांसह हसली. म्हणजे द्रौपदीच्या हसण्याचा साक्षीदार कोण, तर ज्याच्या मनात सूड पेटला आहे तोच. आणि आंधळ्याच्या मुलाला आंधळा म्हणण्याचे जे वाक्य तिच्या तोंडी घातले जाते, ते त्या आवृत्तीत कुठेच नाही.

ही पाठभेदाची किरकोळ बाब नाही. द्रौपदी हसली म्हणून महाभारत घडले, हे वाक्य मी दिल्लीतल्या मराठी घरांत ऐकले आहे, प्रवचनांत ऐकले आहे, शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ते वाक्य काय करते? भर सभेत एका स्त्रीची वस्त्रे ओढली गेली त्याचे कारण तिच्याच घमेंडीत शोधते. दुर्योधनाला लावलेले विशेषण अलगद उचलून तिच्या कपाळी चिकटवते. तक्रारदाराचे म्हणणे निवेदकाचे म्हणणे होऊन बसले आणि शतकानुशतके तसेच राहिले. तीन अक्षरांचे कोडे हे रचत नाही, मान्य. पण रोज कुणाच्या तरी पेन्सिलीने ते पक्के करते.

दुर्योधन गर्विष्ठ नव्हता, असे मला म्हणायचे नाही. त्याचा गर्व कुठे दिसतो ते मात्र नेमके सांगता येते. युधिष्ठिर राज्याचा हट्ट सोडून पाच गावांवर आला. लोकपरंपरा त्या पाचांत पानिपत, सोनिपत, बागपत ही नावे घेते. महाभारतातली यादी थोडी वेगळी आहे, वारणावत मात्र तिच्यात आहे. दुर्योधनाने सुईच्या अग्रावर राहील एवढी मातीही देण्याचे नाकारले. हे कृत्य आहे. त्यावर बोट ठेवता येते, त्याचे परिणाम मोजता येतात. नहुषाने इंद्रपद मिळाल्यावर ऋषींना पालखीला जुंपले आणि अगस्त्यांना लाथ मारली, हेही कृत्य आहे. कोड्यात 'ऋषींना पालखीला जुंपणारा राजा, तीन अक्षरे' असे विचारले तर सोडवणाऱ्याला कथा आठवावी लागते आणि निवाडा त्याचा तो करतो. 'गर्विष्ठ राजा' असे विचारले तर कथा आठवायची गरजच उरत नाही.

रावणाबद्दल दिल्लीत दोन टोके एकाच दसऱ्याला पाहायला मिळतात. पश्चिम दिल्लीत टागोर गार्डनजवळ तितारपूर आहे. दसऱ्याआधीचे काही आठवडे तिथे रस्त्याच्या कडेला बांबूच्या कामट्यांचे सांगाडे उभे राहतात, त्यांवर कागद चिकटतो, रंग चढतो. डोकी वेगळी तयार होतात आणि पदपथावर रांगेने मांडून ठेवलेली असतात. मिशी लागेपर्यंत तो चेहरा साधा असतो, थोडा आश्चर्यचकित वाटणारा. कारागीर काळी झुपकेदार मिशी आणतो, टोके वर वळवून चिकटवतो, आणि त्या क्षणी तो चेहरा उर्मट होतो. मी ते पाहत उभा राहिलो आहे. गर्व बाहेरून चिकटवता येतो हे इतके स्पष्ट मला कुठल्या ग्रंथाने दाखवले नाही.

दुसरे टोक बिसरख. आता त्या गावाला उंच इमारतींनी घेरले आहे. तिथले लोक रावणाला गावचा मुलगा समजतात, विश्रवा ऋषींशी गावाच्या नावाचा संबंध जोडतात आणि दसऱ्याला पुतळा जाळत नाहीत. त्यांचे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर टिकते का, हा प्रश्न इथे गौण आहे. पण त्यांच्यापुढे 'उन्मत्त, तीन अक्षरे' ठेवले तर ते 'रावण' लिहिणार नाहीत. वेदज्ञ, शिवभक्त, तीन अक्षरे, म्हटले तर लिहितील. निर्णय माणसाच्या स्वभावावर कमी आणि आपण कुठे उभे आहोत यावर जास्त अवलंबून असतो, हे समजायला बिसरखचे म्हणणे पटायलाच हवे असे नाही.

आता भाऊसाहेब. मराठी माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न इथे आहे.

शाळेपासून आपण ऐकत आलो: सदाशिवरावभाऊ शूर होते, पण हेकट आणि गर्विष्ठ होते. मल्हारराव होळकरांचा आणि सूरजमल जाटाचा सल्ला त्यांनी धुडकावला, अवजड तोफा आणि बायकामुलांचा लवाजमा मागे ठेवला नाही, दोघांनाही हिणवले, सूरजमल रुसून निघून गेला, आणि १४ जानेवारी १७६१ ला सव्वा लाख बांगडी फुटली. यातला गर्वाचा धागा बराचसा काशीराज पंडिताच्या हकिकतीतून आला आहे. काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण, पण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. मराठ्यांच्या खलबतखान्यात तो बसलेला नव्हता. त्याने फारसीत हकिकत लिहिली ती लढाईनंतर सुमारे २० वर्षांनी. जेम्स ब्राउन यांनी ती इंग्रजीत आणली, ग्रँट डफसारख्या इतिहासकारांपुढे ती होती, आणि तिथून ती पाठ्यपुस्तकांत झिरपली. बखरींनी आपल्या परीने भर घातली.

काशीराज खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याची हकिकत मोलाची आहे. पण कोडे सोडवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: नुसत्या आडव्या शब्दावर भरवसा ठेवायचा नसतो. उभे शब्द त्याला छेदून गेले आणि प्रत्येक अक्षर जुळले, तरच ते शाईने लिहायचे. भाऊंच्या बाबतीत उभे शब्द आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, त्यात त्या मोहिमेची पत्रे आहेत. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि पुढे १९६१ साली मराठीत पानिपतावर ग्रंथ लिहिला तो अशा अस्सल कागदांवर आणि जमिनीच्या पाहणीवर. ही पत्रे वाचताना जो माणूस समोर येतो तो सतत काहीतरी मागत असतो. गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैका मागतो, धान्य मागतो, यमुना उतरायला नावा मागतो. पावसाने नदी फुगलेली, नावा जमत नाहीत. शुजाला आपल्याकडे वळवायला लिहितो, तो अब्दालीला जाऊन मिळतो. पत्रांचा सूर काही वेळा करडा आहे, गोविंदपंतांना तर चांगलाच कडक. हिशेबात चोख असलेल्या आणि दिवाणगिरीत मुरलेल्या माणसाचा तो सूर आहे. पैसा थकवणाऱ्याला तो गर्व वाटला असेल, नवल नाही.

तोफांचा प्रश्न घ्या. भाऊंनी गनिमी काव्याचा सल्ला ऐकला नाही, हे गर्वाचे पहिले कलम. पण फेब्रुवारी १७६० मध्ये याच भाऊंनी उदगीरला निजामाला नमवले होते आणि त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचे आणि कवायती पायदळाचे मोल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सहा महिन्यांपूर्वी जे शस्त्र फळले त्याच्यावर भिस्त ठेवणे ही चूक ठरू शकते. बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर नेणे ही तर मोठीच चूक ठरली, तिचे समर्थन मला करता येत नाही. पण चुकणे वेगळे आणि गर्विष्ठ असणे वेगळे. चुकीची कारणमीमांसा करता येते. ती रसदीत, भूगोलात, मैत्रीच्या तुटलेल्या धाग्यांत शोधता येते. गर्व म्हटले की शोध संपला.

दिल्लीचेच पाहा. १७६० च्या ऑगस्टमध्ये लाल किल्ला भाऊंच्या हाती आला. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत त्यांनी उतरवले आणि त्याचे रुपये पाडले. नऊ लाखांच्या आसपास निघाले असे सांगतात. हे उद्दामपणाचे कलम म्हणून आजही पुढे केले जाते, आणि दिल्लीतले वाटाडे ते सांगताना मराठी पर्यटकाकडे जरा रोखून बघतात. पण त्याच भाऊंनी १७६० च्या ऑक्टोबरमध्ये काय केले? तख्त त्यांच्या मुठीत होते. फौज त्यांची, किल्ला त्यांचा. विश्वासरावांना तिथे बसवणार अशा वावड्या उठल्या होत्या. भाऊंनी तिसऱ्या शहाजहानला दूर करून दुसऱ्या शाहआलमच्या नावाची द्वाही फिरवली. जो माणूस उन्मत्त असतो तो मुठीत आलेल्या तख्तासमोर असा वागत नाही. पगारासाठी खोळंबलेली फौज आणि रिकामा खजिना असलेला माणूस मात्र चांदीचे छत उतरवतो. ते छत गेले याचे मला वाईट वाटते. ते उतरवणाऱ्या हातांमागे भूक होती, हे त्या दुःखाबरोबरच सांगितले पाहिजे.

आणि मग काशीराजाचीच साक्ष. लढाईच्या आदल्या रात्री भाऊंची चिठ्ठी त्याच्याच हाती आली. पेला आता काठोकाठ भरला आहे, आणखी थेंब मावायचा नाही, तडजोडीचे काही होणार असेल तर आत्ताच करा, अशा आशयाची. ज्याने भाऊंना मगरूर ठरवले त्याच्याच दप्तरात तहासाठी अखेरच्या घटकेपर्यंत धडपडणारा सेनापती आहे. एकाच साक्षीदाराची ही दोन वाक्ये शेजारी ठेवून आपण कधी वाचली नाहीत. पहिले कोड्यात आले, परीक्षेत आले. दुसरे येत नाही.

भाऊ खरोखर लोकांना असह्य झालेले असते तर त्यांच्या मरणानंतर जे घडले ते घडले नसते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. भाऊ परत येतील म्हणून माणसे पंधरा वर्षे वाट पाहत राहिली, इतकी की एका तोतयाने भाऊ म्हणून उभे राहून बंड केले आणि कोकणात किल्ले घेतले, तेव्हा हजारोंनी त्याच्यावर विश्वास ठेवला. हरियाणात रोहतककडच्या सांघी गावात भाऊ लढाईनंतर साधू होऊन राहिले अशी परंपरा आहे आणि रोड समाजातले अनेक जण स्वतःला पानिपतावरून उरलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. परंपरा म्हणजे पुरावा नव्हे. पण मगरूर माणसाची आठवण परक्या मुलखातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या जपत नाहीत. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली आली आणि सामान्य वाचकाच्या मनातले भाऊ बदलले. पत्रे ९० वर्षे आधीच छापून झालेली होती. इतका वेळ लागला, कारण विशेषण एकदा चिकटले की कागदपत्र त्याच्यापुढे लंगडे पडतात.

बुराडीला दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला पडले. मरणाच्या दारात त्यांनी दिलेले 'बचेंगे तो और भी लडेंगे' हे उत्तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते, आणि त्याला आपण बाणेदार म्हणतो. योग्यच म्हणतो. तेच उत्तर गिलच्यांच्या सरदाराने मराठ्यांना दिले असते तर बखरीत ते कोणत्या विशेषणाने गेले असते, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांनी बादशहाकडे पाठ फिरवली. आपल्या दृष्टीने तो स्वाभिमानाचा कळस आहे; मुघल दरबाराच्या नजरेला तो उद्धटपणा होता. कृत्य एकच. महाराज सुटले, राज्य वाढले, अभिषेक झाला, म्हणून आपल्या विशेषणाला जगाने मान दिला. पुढे राज्य बुडाले असते तर त्याच प्रसंगाचे दुसरे नाव इतिहासात रूढ झाले असते अशी मला भीती वाटते. म्हणून महाराजांना न्याय मागणाऱ्याने इतरांच्या बाबतीतही तितकेच सावध असले पाहिजे.

कर्झनच्या बाबतीत तर हे विशेषण तो हिंदुस्थानात येण्याआधीच चिकटले होते. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या एका टिंगलकवितेने त्याला स्वतःला श्रेष्ठ समजणारा ठरवले आणि तिने आपले जन्माचे नुकसान केले असे त्याला वाटत राहिले. १९०३ चा दरबार पाहता ते विशेषण निराधार म्हणवत नाही. पण १९०५ ची बंगालची फाळणी हे त्याचे कृत्य आहे आणि १९०४ चा प्राचीन वास्तू संरक्षणाचा कायदा हेही त्याचेच. 'गर्विष्ठ व्हाइसरॉय' म्हटले की दोन्ही गळतात. दिल्लीतला कर्झन रोड आज कस्तुरबा गांधी मार्ग आहे आणि नवे महाराष्ट्र सदन त्यावरच उभे आहे. तिथे उतरणाऱ्या मराठी पाहुण्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते? रस्त्याचे नाव बदलले ते योग्यच झाले. पण फाळणी का झाली हे कळायला कर्झनचा स्वभाव पुरत नाही, साम्राज्याचा कारभार समजून घ्यावा लागतो.

गियासुद्दीन तुघलकाची कथा दिल्लीकरांची लाडकी आहे. तुघलकाबाद बांधताना त्याने निजामुद्दीन अवलियांच्या बावडीचे काम अडवले, अवलियांनी 'दिल्ली अजून दूर आहे' म्हटले, आणि १३२५ साली दिल्लीच्या वेशीवर स्वागताचा मंडप कोसळून सुलतान मेला. गर्वाचे घर इथे अक्षरशः खाली आले. त्याच काळातला इतिहासकार बरनी मात्र गियासुद्दीनला संयमी आणि चांगला राज्यकर्ता म्हणून वाखाणतो. मंडप पडला नसता तर कथेला शेवट मिळाला नसता आणि सुलतानाला ते विशेषणही.

यावर म्हणतील, कोडे आहे, चहाबरोबर दहा मिनिटांचा विरंगुळा, त्याच्यावर इतिहासाचे ओझे कशाला? मी हे गांभीर्याने घेतो, कारण कोड्याची सवय कोड्यापुरती राहत नाही. जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात महाराष्ट्रातून आलेली शेकडो मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांच्या टिपणवह्या मी पाहिल्या आहेत. व्यक्तीचे नाव, पुढे एक रेघ, पुढे एक विशेषण. चार पर्यायांतून एक निवडायचा असल्यावर दुसरे करणार तरी काय? उद्या ती मुले जिल्हा चालवतील. माणसाला एका शब्दात बसवायची सवय घेऊन ती तिथे जातील आणि एखादा शेतकरी कचेरीत आवाज चढवून बोलला की त्यालाही तो शब्द लागेल.

कोड्याच्या कलेतच याचा उतारा आहे. इंग्रजी कोडेकारांनी स्वतःला टोपणनावे घेतली ती स्पॅनिश धर्मन्यायपीठाच्या क्रूर अधिकाऱ्यांची: मॅदर्स हे टॉर्कमाडा झाले, मॅकनट हे झिमेनेस झाले, पुढच्याने देझाचे नाव उलटे करून अझेद घेतले. सोडवणाऱ्याचा छळ करणारा तो कोडेकार, अशी त्यामागची कल्पना. पण याच झिमेनेसने १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात न्याय्य सूचनेचा आग्रह धरला. सूचना फसवी चालेल, अन्यायी चालणार नाही. तिच्यातला प्रत्येक शब्द उत्तराकडे नेणारा आणि खरा असला पाहिजे. 'गर्विष्ठ' हा शब्द या कसोटीला उतरत नाही. तो कुणाकडेच नेत नाही, कारण हरलेल्या कुणालाही तो लागतो.

मराठीत कोडी रचणाऱ्यांना माझी विनंती आहे की स्वभाव विचारू नका, कृत्य विचारा. शिशुपालासाठी 'शंभर अपराध', कर्झनसाठी 'वंगभंगाचा व्हाइसरॉय', दुर्योधनासाठी 'सुईच्या अग्राएवढी माती नाकारणारा', हे लिहायला जागाही जास्त लागत नाही. भाऊंसाठी 'उदगीरचा विजेता' चालेल, 'चिमाजीअप्पांचे चिरंजीव' चालेल. आणि रविवारच्या पुरवणीत, जिथे सोडवणाऱ्याला दोन माणसांना विचारायला आणि एखादे पुस्तक उघडायला सवड असते, तिथे 'काशीराजाला तहाची अखेरची चिठ्ठी पाठवणारा सेनापती, सहा अक्षरे' अशी सूचना द्या. बऱ्याच जणांना ती पहिल्या फेरीत येणार नाही. काही घरे छेदणाऱ्या शब्दांनी भरतील, 'शि' येईल, शेवटचा 'व' येईल, आणि मग कुणीतरी विचारील की ही चिठ्ठी कसली.